छातीतलं पाणी, टीबीच्या गोळ्या आणि नवऱ्याचे कामाचे कपडे: मेसोथेलिओमाचं एक प्रकरण

आमच्या विभागात एफएनएसीचे, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायचे, जे फॉर्म येतात त्यात हिस्ट्रीसाठी बोटभर जागा असते आणि तीही बरेचदा अर्धीच भरलेली असते. या फॉर्मवर लिहिलं होतं "स्त्री, 62, शेतमजुरी, उजव्या बरगडीवर गाठ, टीबीचा इलाज चालू, गळू?" बस, खाली सही. गाव वर्धा नदीच्या काठचं, कापूस-तुरीचं. नाव देत नाही, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात, बाकी आजाराचं सगळं जसंच्या तसं आहे. मी ग्रामीण भागातल्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी बघते, पेशंटशी बोलायचं ते बहुतेक एफएनएसीच्या टेबलापुरतंच, पण हे प्रकरण सविस्तर लिहायला पाहिजे असं फार दिवसांपासून वाटत होतं.

गाठ बोराएवढी, टणक, दाबली तरी फारशी दुखत नव्हती. आणि ती नेमकी त्या जागी होती जिथून चार महिन्यांआधी छातीतलं पाणी काढलं होतं, सुईचा जुना डाग गाठीच्या मधोमध दिसत होता. टीबीचं गळू असतं तर सुईत पू आला असता. इथे थोडंसं घट्ट, रक्ताळलेलं मटेरियल आलं आणि स्लाइडवर पाहिलं तर पेशींचे झुबकेच्या झुबके, गोल, कडा लाटांसारख्या, शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक फट. या मेसोथेलियल पेशी, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या, प्लुराच्या पेशी. त्या कातडीखाली असायचं काहीच कारण नाही. सुईच्या वाटेने बाहेर येऊन त्यांनी तिथे घर केलं होतं, आणि मेसोथेलिओमा, म्हणजे याच आवरणाचा कॅन्सर, हे करण्यासाठी बदनामच आहे, जिथे सुई किंवा नळी घातली तिथे गाठ.

आता मागचं सांगते. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या वेळेस मावशींना दम लागायला लागला. "वझं नाई उचलत मॅडम, दोन पावलं चाललं का थांबा लागते," असं त्यांनी सांगितलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी एक्सरे काढला, उजवी छाती पांढरी, सव्वा लिटर पाणी निघालं, लालसर. प्रोटीन 4.8, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 80 टक्के, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) 46, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली, पोषणाचे महिन्याचे 500 रुपयेही लागू झाले.

या पहिल्या निर्णयाला मी नाव ठेवणार नाही. आपल्याकडे लिम्फोसाइटवालं पाणी आणि एडीए 40 च्या वर म्हणजे टीबी हे गणित बहुतेक वेळा बरोबर निघतं, आणि प्लुराच्या पाण्यात सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असंही म्हणता येत नाही कारण तिथे जंतू मुळातच कमी असतात. माझा राग आहे तो पुढच्या महिन्यांवर. गोळ्या नियमित चालू, लघवी नारिंगी होतेय म्हणजे रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध पोटात जातंय, तरी वजन उतरतंय, पाणी परत भरतंय, परत काढलं, परत भरलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, कोर्स पूर्ण करा. टीबीचं पाणी इलाज सुरू झाल्यावर सहसा आटत जातं, असं पुन्हा पुन्हा भरून येत नाही. आणि एडीए ही काही टीबीची सही नाही, लिम्फोमात (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) वाढतं, एम्पायमात (छातीत पू झाल्यावर) वाढतं, मेसोथेलिओमातही वाढलेलं सापडतं.

तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून कागदावरच होत्या. एक, पाण्याचा रंग. टीबीचं पाणी बहुतेक गवती पिवळं असतं, इतकं लाल क्वचित. दोन, एक्सरे. सव्वा लिटरच्यावर पाणी असेल तर ते श्वासनळीला आणि हृदयाला पलीकडे ढकलतं, इथे श्वासनळी मधोमध, उलट किंचित उजवीकडेच ओढलेली. म्हणजे आतून काहीतरी जाड, घट्ट असं फुफ्फुसाला आवळून बसलंय आणि मेडियास्टायनम (दोन फुफ्फुसांमधला भाग) जागचं हलू देत नाहीये. तीन, आणि ही आमच्या खात्यातली, टीबीच्या पाण्यात मेसोथेलियल पेशी फार कमी दिसतात, 5 टक्क्यांच्या आतच, कारण प्लुरावर सूज आणि फायब्रिनचा थर बसलेला असतो आणि पेशी सुटून पाण्यात येतच नाहीत. मी ती जुनी स्लाइड मागवून घेतली. मेसोथेलियल पेशींचे झुबके जागोजागी. रिपोर्टात त्याला "रिऍक्टिव्ह", म्हणजे नुसत्या सुजेने बदललेल्या पेशी, म्हटलं होतं आणि नुसत्या पाण्याच्या स्लाइडवर त्याच्यापुढे जाणं खरंच अवघड असतं, कारण सुजलेल्या चांगल्या मेसोथेलियल पेशीही दिसायला कॅन्सरइतक्याच वाईट दिसू शकतात. पण टीबी म्हणायला त्या स्लाइडनेच अडवायला पाहिजे होतं.

एफएनएसीनंतर आमच्या फिजिशियन सरांनी सीटी करवला. उजव्या बाजूला प्लुरा सगळीकडून जाड, गाठीगाठीची, कुठे दीड तर कुठे दोन सेंटिमीटर, मेडियास्टायनमच्या बाजूलाही आणि दोन लोबच्या मधल्या फिशरमध्येही शिरलेली. हे सगळं अपेक्षित होतं. ज्याची अपेक्षा नव्हती ते डाव्या बाजूला, म्हणजे चांगल्या बाजूला दिसलं, डायफ्रामच्या घुमटावर कॅल्शियम बसलेला पातळ पांढरा पट्टा. प्लुरल प्लाक. टीबीचं कॅल्शियम बहुतेक एकाच बाजूला असतं, जाडजूड असतं आणि बरगड्या जवळ ओढून घेतं. डायफ्रामवर असा सुटा, स्वच्छ कडांचा प्लाक म्हणजे या शरीराने कधीतरी ऍस्बेस्टॉस श्वासातून घेतलंय असंच म्हणावं लागतं. प्लाक स्वतः कॅन्सर नाही, कॅन्सर होतही नाही, तो फक्त साक्षीदार असतो.

पण शेतमजूर बाईच्या छातीत ऍस्बेस्टॉस आलं कुठून? म्हणून मी वॉर्डात गेले. सगळ्यांनी विचारलेलं तेच आधी विचारलं, कधी कारखान्यात, गिरणीत काम केलं का.

"नाई वो मॅडम, मी त जलमभर वावरातच. निंदन, येचनी, तूर सोंगनी."

"अन मालक काय करत होते?"

उत्तर मुलाने दिलं, तो उशाशी उभा होता. "बाबा पावर हाऊसात ठेकेदाराकडे होते ना, मी लायना होतो तवा."

मग मावशीच बोलायला लागल्या. 1978 ला लग्न झालं, 1986 पर्यंत कामगारांच्या वस्तीत राहिले, मग वावर वाटणीत आलं म्हणून गावी परत. "बायलरच्या नळ्याईले पांढरं थापे ते. पावडर पान्यात कालवे अन हातानं लेप देये. घरी येये त भुवयाबी पांढऱ्या राहे." कपडे कोण धुवायचं विचारलं. "मीच धुवो. आंदी अंगनात झटको, मंग नळावर नेवो." आणि मी न विचारताच पुढचं सांगितलं, "खाली पोतेबी आने. चांगलं जाड तरट राहे. झटकू झटकू मी त्याचा नहानीले आडोसा केलता, अन दोन उसवून लेकराईच्या खाली आंथरले."

आठ वर्षं, रोज संध्याकाळी, अंगणात. त्या काळी बॉयलर आणि स्टीमच्या पाइपांवर उष्णता राखायला ऍस्बेस्टॉसचा लेप, दोर, कापड हे सर्रास वापरत. लेप वाळला की निरुपद्रवी दिसतो पण कोरडी पावडर कालवताना आणि कपडे झटकताना जे उडतं ते डोळ्याला दिसणाऱ्या धुळीपेक्षा फार बारीक असतं, आणि तेच छातीत खोल जातं. त्यांच्या मालकांना गेल्याला बारा वर्षं झाली, "दमा" होता म्हणे, कागद एकही नाही, म्हणून त्यावर मी काही म्हणत नाही.

हे काही माझं निरीक्षण म्हणून नवीन नाही. 1960 साली वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ-वेस्ट केप भागातल्या 33 केसेस छापल्या, निळ्या ऍस्बेस्टॉसच्या, क्रोसिडोलाइटच्या खाणींचा तो पट्टा, आणि त्यात खाणीत कधीच न उतरलेली, नुसती आसपास राहिलेली, लहानपणी तिथे वाढलेली माणसंही होती. 1965 मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांनी 76 पेशंट तपासले, त्यातल्या 9 जणांचा संबंध एवढाच की घरातलं माणूस ऍस्बेस्टॉसच्या कामावर होतं, आणि त्यात नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. साठ वर्षं झाली या गोष्टीला. तरी आपल्या फॉर्मवर बाईसमोर "शेतमजुरी" लिहिलं की विषय संपतो.

आता हा धागा करतो काय ते सांगते, कारण नातेवाईकांना हेच सगळ्यात कळत नाही की चाळीस वर्षांआधीची धूळ आत्ता कशी त्रास देते. ऍस्बेस्टॉस हा दगड आहे, खनिज, पण तो चिरत गेला की धागेच धागे निघतात. पांढरं क्रायसोटाइल कुरळं असतं, शरीरात हळूहळू तुटतं. निळं क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट हे अँफिबोल गटातले सरळ सुईसारखे धागे, ते वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि मेसोथेलिओमासाठी जास्त घातक. पण क्रायसोटाइल सुरक्षित आहे असं कोणी सांगत असेल तर ते चूक, आयएआरसीने (डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलंय.

श्वासातून गेलेले काही धागे फुफ्फुसातून सरकत सरकत प्लुरापर्यंत पोचतात. प्लुराच्या बाहेरच्या थरात, छातीच्या भिंतीकडच्या, बारीक छिद्रं असतात ज्यातून तिथलं पाणी लिम्फमध्ये वाहून जातं. आखूड धागे त्यातून निघून जातात, लांब धागे तिथेच अडकतात, मोरीच्या जाळीवर काडी आडवी बसावी तसे. म्हणून प्लाकही बाहेरच्या थरात आणि मेसोथेलिओमाची सुरुवातही बहुतेक तिथेच. तिथे मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळायला येतात, पण धागा पेशीपेक्षा लांब, अर्धा आत अर्धा बाहेर, पेशी मरते, तिच्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू आणि सूज वाढवणारे रसायन सुटत राहतात, परत नवीन मॅक्रोफेज येते, तीही मरते. अँफिबोलमधलं लोह त्यात भर घालतं. ही सूज एक-दोन महिन्यांची नाही, तीन-चार दशकांची. शेजारच्या मेसोथेलियल पेशी मरतात, वाचतात, परत विभागतात आणि प्रत्येक वेळी डीएनएत काहीतरी तुटत जातं. शेवटी जे तुटलेलं सापडतं ते बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, बीएपी1, सीडीकेएन2ए, एनएफ2, तिन्ही ट्यूमरला आवर घालणारी जीन्स. म्हणजे कॅन्सर काही नवीन मिळवून होत नाही, ब्रेक एकेक करून जातात म्हणून होतो. यालाच 20 ते 50 वर्षं लागतात.

बायोप्सी आम्ही सोनोग्राफीत बघून जाड प्लुरातून ट्रूकट नावाच्या जाड सुईने घेतली. सगळ्यात चांगली थोरॅकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून), पण त्यासाठी नागपूर गाठावं लागणार होतं आणि इथे प्लुरा इतकी जाड होती की सुईनेही पुरेसा तुकडा मिळाला. स्लाइडवर नळ्या आणि छोटे बोटांसारखे उंचवटे, पेशी ठेंगण्या, एकसारख्या, फार विद्रूपही नाहीत. एपिथेलिऑइड प्रकार, तीन प्रकारांतला सगळ्यात जास्त आढळणारा आणि त्यातल्या त्यात बरा. बाकीचे दोन म्हणजे लांबट पेशींचा सार्कोमॅटॉइड, आणि दोन्ही मिसळलेला बायफेजिक. पण पेशी सुंदर दिसतात म्हणून फसायचं नाही, इथे निकाल पेशीच्या चेहऱ्यावर लागत नाही, ती कुठे शिरली त्यावर लागतो. साध्या सुजेत पेशी वरच्या थरात दाट आणि छातीच्या भिंतीकडे जाताना विरळ होत जातात, आणि रक्तवाहिन्या वरच्या पृष्ठभागाकडे सरळ उभ्या येतात. इथे पेशी थेट खालच्या चरबीत घुसल्या होत्या. केराटिनचा रंग दिल्यावर चरबीच्या पेशींच्या मधल्या फटीत तपकिरी ओळी दिसल्या, तेव्हा मला शंका उरली नाही.

तरी फुफ्फुसाचा एडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) प्लुरावर पसरला तर हुबेहूब असाच दिसतो, आणि बाई आहे म्हणून स्तन आणि अंडाशयही बघावंच लागतं. म्हणून पेशी कुठली ते ओळखणारे रंग दिले. मेसोथेलियल पेशींची खूण असलेलं कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, केंद्रकातही. डब्ल्यूटी1 पॉझिटिव्ह, डी2-40 पॉझिटिव्ह. एडिनोकार्सिनोमाकडे बोट दाखवणारे टीटीएफ1, सीईए, क्लॉडिन4 निगेटिव्ह. डब्ल्यूटी1 अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही येतं म्हणून पॅक्स8 केलं, निगेटिव्ह. ब्लॉक मोठ्या लॅबला पाठवून बीएपी1 करून घेतलं, ट्यूमरच्या केंद्रकांतून ते साफ गेलेलं, बाजूच्या लिम्फोसाइटमध्ये मात्र छान रंगलेलं. नुसत्या सुजेच्या पेशी बीएपी1 गमावत नाहीत. रिपोर्टवर लिहिलं, प्लुराचा मॅलिग्नंट मेसोथेलिओमा, एपिथेलिऑइड.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायची, की या सगळ्या रंगांनी आजार सिद्ध झाला, कारण नाही झालं. तुकड्यात ऍस्बेस्टॉसचे धागे दिसले नाहीत आणि दिसायची गरजही नसते, ते प्लुराच्या बायोप्सीत सहसा सापडतच नाहीत. कारण सिद्ध झालं ते डाव्या बाजूच्या प्लाकने आणि अंगणात झटकलेल्या कपड्यांनी. गावात लोकांनी चुलीचा धूर म्हटलं, कोणी तंबाखू म्हटलं. चुलीचा धूर छातीला वाईटच, सीओपीडी (श्वासनळ्यांचा जुनाट आजार) करतो, पण तो याचं कारण म्हणून ओळखला जात नाही. बिडी-सिगारेटनेही मेसोथेलिओमा होत नाही (ऍस्बेस्टॉसच्या जोडीला ती असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कित्येक पटीने वाढतो). ऍस्बेस्टॉसशिवायची कारणं आहेत पण थोडी, तुर्कस्तानात कॅपाडोशियाच्या काही गावांत एरिओनाइट नावाचं खनिज घराच्या दगडातच आहे आणि तिथे हा आजार घराघरात झाला, काहींना आधी छातीवर दिलेल्या रेडिएशनने होतो, काही कुटुंबांत बीएपी1चा दोष जन्मतःच असतो. मावशींच्या घरी डोळ्याचा मेलेनोमा वगैरे, जे अशा कुटुंबांत दिसतं, काहीच नव्हतं.

इलाजाचं थोडक्यात सांगते कारण तो फार लांब गेलाच नाही. पेमेट्रेक्स्ड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो, सोबत फॉलिक ऍसिड आणि बी12ची इंजेक्शनं, योजनेतून. 2003 च्या ट्रायलमध्ये एकट्या सिस्प्लॅटिनवर साधारण 9.3 महिने आणि पेमेट्रेक्स्ड जोडल्यावर 12.1 महिने असं मिडियन आयुष्य होतं, यावरूनच कळतं की किती पदरात पडतं. दोन औषधांची इम्युनोथेरपी 2020 पासून मान्य झाली आहे, तिच्या ट्रायलमध्ये केमोवर 14.1 तर तिच्यावर 18.1 महिने, पण तिचा खर्च ऐकून मुलगा खालीच बसला. फुफ्फुस आवळलेलं असल्याने टाल्क घालून प्लुरा चिकटवता येईना, पाणी काढत राहणं आणि दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या. चार सायकलनंतर त्यांनीच नको म्हटलं. बायोप्सीनंतर अकराव्या महिन्यात घरीच गेल्या. दवाखान्यात नव्हत्या म्हणून मृत्यूच्या नोंदीत डॉक्टरचं कारण नाही, गावच्या रजिस्टरला दम्याने असं लागलं. कॅन्सरच्या रजिस्टरमध्ये मेसोथेलिओमाला सी45 हा कोड आहे. दम्याच्या नोंदीला तो लागत नाही. भारतात हा आजार कमी आहे असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा मला ही नोंद आठवते.

मुलाने भरपाईचं विचारलं होतं. कायद्यात होतं, कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ऍस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा दोन्ही व्यवसायजन्य आजार म्हणून होते (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). 1995 साली कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने कामगाराची आरोग्याची नोंद किमान 40 वर्षं जपायला सांगितलं. पण हे सगळं कामगारासाठी. ठेकेदाराकडचा माणूस, हजेरीची चिठ्ठीसुद्धा नाही, आणि आजार झाला त्या बाईला तर कोणीच कधी कामावर ठेवलेलं नव्हतं. तिने फक्त कपडे धुतले. माझ्या मते हा कायद्यातला सरळ अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे, 1986 पासून देशात ऍस्बेस्टॉस खाणींना नवीन परवाने नाहीत पण बाहेरून आणणं आजही चालूच आहे, म्हणजे आज कोणीतरी कुठेतरी ते कपडे धुतंय.

मुलाचा दुसरा प्रश्न होता, "मले बी होईन का?" त्या पोत्यावर झोपलेलं लेकरू तोच. त्याला खरं ते सांगितलं, की धोका इतरांपेक्षा जास्त आहे पण बहुतेकांना होत नाही, दरवर्षी सीटी काढून फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, बिडी पूर्ण बंद कर, आणि कधीही दम लागला किंवा छातीत पाणी झालं तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात ऍस्बेस्टॉस म्हणून सांग. त्याच्या केसपेपरवर वरच लाल पेनाने लिहून दिलं, घरातून ऍस्बेस्टॉसचा संपर्क, 1980 ते 1986.

मग त्याने कोठ्यावरच्या सिमेंट पत्र्यांचं काढलं, यंदा ते काढून टीन टाकायचा विचार होता. नुसते वर असलेले धड पत्रे फारसे त्रास देत नाहीत, धागे सिमेंटमध्ये घट्ट असतात, त्रास कापण्यात आणि फोडण्यात आहे. ग्राइंडर लावायचा नाही, ड्रिल नाही. पत्रा पाण्याने ओला करायचा, बोल्ट खोलून अख्खा उतरवायचा, वरून खाली फेकायचा नाही. फुटलेले तुकडे ओल्यानेच जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे, रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकायचे नाहीत. आणि त्या दिवशी अंगावर होते ते कपडे न झटकता पाण्यात बुडवून धुवायचे, स्वतःचे स्वतः.